मुंबई शहर जिल्हा आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात खामगाव येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या या मेळाव्यात मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणिसांनी केली, तेव्हा प्रथम माझे मन कचरले. मी विद्वान नव्हे, वक्ताही नव्हे. मुंबईतील एका सरकारी कचेरीत सदतीस वर्षे कागदांची ने-आण करून २०१५ साली निवृत्त झालेला आणि उरलेले आयुष्य आपल्या मातीत घालवावे म्हणून परत आलेला मी एक साधा माणूस आहे. परंतु चिटणीस म्हणाले, "भाऊ, आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी, आणि आपली दुखणाईत माणसे उपचारासाठी मुंबईस जातात. ती जिथे जातात तो मुलूख कसा आहे, तेथली माणसे कशी राहतात, तेवढे सांगा." हे काम माझ्या आवाक्यातले वाटले, म्हणून आपणापुढे उभा आहे. शेवटी मंडळापुढे एक विनंतीही ठेवावयाची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? तेरा तालुके, तहसील कचेरी, पंचायत समिती, तलाठ्याकडचा सातबारा, पावसाची वाट पाहणारी कपाशी व सोयाबीन. घाटावरचा चिखली-मेहकरचा भाग आणि घाटाखालचा पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा भाग. मुंबई शहर हाही महाराष्ट्राचा एक जिल्हाच आहे. त्याला जिल्हाधिकारी आहेत. परंतु जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही, नांगराखालची जमीन नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा तो एक चिंचोळा भूभाग आहे. त्यापुढील वांद्र्यापासूनच्या भागाचा १९९० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा करण्यात आला. मी आज बोलणार आहे तो मुख्यतः जुन्या शहराच्या जिल्ह्याविषयी.

थोडे आकडे सांगतो, कंटाळू नये. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार २५८ भरली. क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरात सुमारे २६८ माणसे. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजार ४११ होती आणि क्षेत्रफळ अवघे १५७ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरात साडेएकोणीस हजारांहून अधिक माणसे! आपला जिल्हा त्याच्या एकसष्टपट मोठा. तरी माणसे त्याच्याकडेच आपल्यापेक्षा पाच लाखांनी अधिक. त्या १५७ चौरस किलोमीटरांतही गोदी आहे, लष्कराची जागा आहे, रेल्वेचे रूळ आहेत, मैदाने आहेत, धनवंतांचे बंगले आहेत. ते सारे वजा केले म्हणजे सामान्य माणसाच्या वाट्यास किती भूमी येते, याची कल्पना आपणच करावी.

अशी दाटी आपण पाहिलीच नाही, असे मात्र नाही. श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनी शेगावात, किंवा होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत जी गर्दी लोटते ती आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या दिवशी पाय ठेवावयास जागा नसते. पण कोणी त्रागा करीत नाही. अनोळखी माणसाच्या शेजारी आपण पंगतीला बसतो आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून रात्री पडवीत झोपतो. यात्रा दोन-चार दिवसांत उठते आणि आपण आपापल्या ऐसपैस अंगणात परततो. मुंबई ही न उठणारी यात्रा आहे. तेथे गेलेल्याला जन्मभर त्या पंगतीतच बसावे लागते. ते कसे बसतात, हे समजून घेणे हाच आजचा विषय.

मुंबईशी आपला संबंध राजधानी म्हणून आला तो अलीकडचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता व आपली राजधानी नागपूर होती. परंतु आपली माणसे मुंबईस जाण्याच्या कितीतरी आधी आपला कापूस तेथे गेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते आणि तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला. विलायतेच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. आपल्या भागातून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांचा फाटा सुरू झाला, तेव्हा त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावास आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी हिंदुस्थानचा सर्वाधिकारी येतो, यावरून त्या काळी खामगावच्या कापूस बाजाराची थोरवी ध्यानी यावी. येथल्या गाठी मुंबईच्या बंदरात जात. पुढे मुंबईतही गिरण्या निघाल्या. पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली होती. आपल्या शेतातले बोंड आणि गिरणगावातला भोंगा यांचे नाते असे जुने आहे. शिवडीजवळच्या एका स्थानकाचे नावच कॉटन ग्रीन आहे. मी कित्येक वर्षे तेथून जा-ये केली. प्रत्येक वेळी मला खामगावच्या बाजारातल्या बैलगाड्यांची रांग आठवे.

कापूस आला, गिरण्या आल्या, तशी माणसे आली. रत्नागिरीहून आली, साताऱ्याहून व पुण्याच्या मावळातून आली, तेलंगणातून विणकर आले, उत्तरेकडून मोमीन व भय्ये आले. आपल्या वऱ्हाडची माणसे त्या काळी थोडीच होती. कारण आपली काळी जमीन आपल्याला दोन घास देत होती. जे आले त्यांना काम मिळाले, पण राहावयास जागा कोणी दिली नाही. ज्यांनी गिरण्या बांधल्या त्यांनी धुराडी उभारली. त्या धुराड्यांखाली राबणाऱ्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, याचा विचार फारसा कोणी केला नाही. मग एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे राहू लागली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताची साथ, म्हणजे प्लेग, उद्भवला, आणि अंधाऱ्या, कोंदट घरांचे पाप शहराला फेडावे लागले. तेव्हा सरकार जागे झाले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतरच्या दशकात डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, आणि मजल्याच्या टोकास सर्वांना मिळून संडास व नळ. एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. म्हणजे आपल्याकडचे एक लहानसे खेडेच!

या खोल्यांत माणसे राहत ती कशी, ते ऐकण्यासारखे आहे. गिरणीला पाळ्या असत, तशा झोपेलाही पाळ्या असत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीचा माणूस आपली वळकटी पसरी. एकाच गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी, तिला गावाची खोली म्हणावे, वर्गणीतून भाडे द्यावे आणि गावाहून नवा येणारा मुलगा काम लागेपर्यंत तेथे राहावा, अशी रीत होती. जेवणासाठी खानावळी असत. त्या बहुधा गिरणी कामगारांच्या बायका चालवीत. आठ-दहा माणसांचे डबे करून संसाराला हातभार लावीत. या बाया सावकाराच्या व्याजात पिचून जाऊ नयेत म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाचा पाया घातला. अडीअडचणीला भिशी होती. रविवारची सुट्टी आज आपण गृहीत धरतो. परंतु गिरणी कामगारांना ती मिळाली १८९० साली, आणि ती मिळवून देण्यासाठी झटले ते महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे.

बंधुभगिनींनो, गावाच्या खोलीप्रमाणेच ज्ञातीच्या संस्थाही त्या शहरात आधाराच्या झाल्या. ज्याला शहरात कोणी ओळखत नाही, त्याला निदान आपला म्हणणारे कोणी असावे, या गरजेतून वसतिगृहे, विद्यार्थी-सहायक निधी व पतपेढ्या निघाल्या. आपले हे मंडळही त्याच वाटेने जन्मास आले. परक्या शहरात दार उघडणारा हात, हे ज्ञातिसंस्थेचे खरे मूळ आहे. ते मूळ विसरून चालणार नाही.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. १९७८ साली मी मलकापूरच्या स्थानकावर नागपूरकडून येणाऱ्या रात्रीच्या गाडीत बसलो. वय एकवीस. हातात एक पत्र्याची पेटी, आईने दिलेल्या ज्वारीच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी. सुमारे पाचशे किलोमीटरांचा प्रवास करून सकाळी दादरला उतरलो आणि विचारीत विचारीत लालबागेत मामांची चाळ गाठली. मामा एका गिरणीत साचे खात्यात होते. दहा बाय बाराची खोली. तीत मामा, मामी, त्यांची चार मुले, मामांचे धाकटे भाऊ आणि गावाकडचा एक मुलगा असे आठ जण आधीच राहत होते. मी उंबऱ्यातच थबकलो. नववा माणूस मावणार कोठे, हे मला कळेना. माझा चेहरा पाहून मामा हसले आणि म्हणाले, "अरे बाप्पा, मुंबईत 'जागा नाही' असं म्हणायचं नसते. 'जरा सरका' असं म्हणायचं असते." आणि खरोखरच सारे जण सरकले. मी त्या खोलीत सहा वर्षे राहिलो. त्या सहा वर्षांत मामींनी एकदाही, शब्दाने वा नजरेने, मला मी जास्तीचा असल्याचे जाणवू दिले नाही.

शेजारच्या खोलीत मालवणकडच्या एक म्हाताऱ्या बाई राहत. त्यांची जात आमची नव्हती, बोली आमची नव्हती, मासळीच्या वासाने मला प्रथम मळमळत असे. पहिल्याच पावसाळ्यात मी तापाने फणफणलो, मामी गावी गेल्या होत्या. त्या बाईंनी अकरा दिवस मला भाताची पेज पाजली. चाळीत भांडणे होत नव्हती असे मी म्हणणार नाही. पहाटे चारला नळ येई आणि हंड्या-कळशांवरून रोज रणकंदन माजे. परंतु भांडून झाले की त्याच बाया एकमेकींच्या मुलांना सांभाळीत. गॅलरीत कोणाचे दार दिवसा बंद नसे. दार लावले तर शेजारी विचारीत, "काय झाले? कोणी आजारी आहे का?" दाटीने माणसांना एकमेकांची सवय करून दिली होती.

हे चित्र मी रंगवून सांगत आहे, असे मात्र वाटू देऊ नका. त्या शहराची दुसरी बाजूही आहे आणि ती ज्ञातीच्या व्यासपीठावरच सांगितली पाहिजे. आपल्या माणसाला दार उघडणारा हात दुसऱ्याच्या तोंडावर दार लावतही होता. खानावळी जातवार होत्या. खोली देताना आधी आडनाव विचारले जाई. गिरण्यांतील साचे खात्यात पगार बरा असे; परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि तो विटाळेल, या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेतले जात नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे मांडला. ते स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले होते. चाळीतल्या एका खोलीत संसार व अभ्यास कसा होतो, हे त्यांनी अनुभवले होते. माझे मामा त्याच साचे खात्यात काम करीत. तेथे पूर्वी कोणाला मज्जाव होता, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती. ज्या शहरात तसूभर जागेसाठी माणूस तडफडतो, तेथेही आपण विटाळाला जागा ठेवली होती, ही गोष्ट आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावी.

पुढची कथा आपणांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. मामा दोन वर्षे वाट पाहून गावी परतले, आणि भोंग्याची वेळ झाली की अंथरुणात उठून बसत. एकेक गिरणी बंद पडली. तिच्या जागी उंच मनोरे, कचेऱ्या व दुकानांचे महाल उभे राहिले. आणि एक आश्चर्य घडले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या, जी वाढणार असेच सारे समजत होते, ती घटली. २००१ साली ती ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली अडीच लाखांनी कमी भरली. इमारती उंच झाल्या आणि माणसे कमी झाली! चाळीतली माणसे डोंबिवली, कल्याण, विरार येथे गेली आणि पहाटेच्या लोकलने पुन्हा त्याच शहरात कामाला येऊ लागली. अलीकडे बी. डी. डी. चाळींच्या जागी नव्या इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्या माणसांना मोठे घर मिळाले, याचा आनंद कोणाला होणार नाही?

परंतु घर मोठे झाले म्हणजे मन मोठे होतेच असे नाही. हे मी दुसऱ्या कोणाविषयी बोलत नाही, स्वतःविषयी बोलतो. आणि आज ही गोष्ट मी प्रथमच चारचौघांत सांगत आहे.

परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. कर्करोगावरील उपचारासाठी साऱ्या देशातून माणसे तेथे येतात, आपल्या जिल्ह्यातूनही येतात. उपचार काही आठवडे, कधी काही महिने चालतात. रोग्याला पुनःपुन्हा बोलावले जाते. उपचार करणे हे रुग्णालयाचे काम. रोग्याच्या साऱ्या आप्तांना निवारा देणे त्याच्या आवाक्यातले नाही. २००९ साली चिखली तालुक्यातील आपले एक ज्ञातिबंधू, माझ्या दूरच्या नात्यातले, पत्नीला घेऊन तेथे आले. बाईंना घशाचा विकार होता. तोवर मी डोंबिवलीस दोन खोल्यांचे, स्वतंत्र नळ व संडास असलेले घर घेतले होते. मी त्यांना मोठ्या अगत्याने घरी नेले. चार दिवस गेले. बाईंना रात्रभर खोकला येई. माझ्या मुलाची बारावीची परीक्षा जवळ आली होती. पाचव्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "भाऊ, मुलाचा अभ्यास आहे, जरा दुसरीकडे काही सोय होते का पाहता?" ते लगेच म्हणाले, "होते ना, होते." आणि संध्याकाळी निघून गेले. सोय कोठे झाली, हे मी विचारले नाही. विचारावयाचे मला भय वाटले, हेच खरे.

पंधरा दिवसांनी कचेरीच्या कामाने मी परळला गेलो असता, रुग्णालयाजवळच्या पदपथावर प्लास्टिकच्या एका कापडाखाली ते दोघे मला दिसले. शेजारी स्टोव्ह, पाण्याची कळशी आणि औषधांची पिशवी. माझे पाय जमिनीला खिळले. मला पाहून तेच उठले आणि मलाच समजावीत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका भाऊ. इथून दवाखाना जवळ पडतो."

दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसे मावली होती आणि माझ्या दोन खोल्यांत एक आजारी बाई मावली नाही. मामांनी शिकविलेला 'सरका' हा शब्द मी विसरलो होतो. पुढे काही दिवसांनी त्या दोघांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडचे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले, जन्मभर हातात खराटा घेऊन फिरले, आणि लोकांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या; स्वतःसाठी मात्र झोपडीचाही लोभ धरला नाही. जातिभेदावर त्यांनी कीर्तनातून आयुष्यभर कोरडे ओढले. ज्ञातीचा म्हणून मी ज्यांना घरी नेले त्यांना मी बाहेर काढले, आणि ज्या संताने जात मानलीच नाही त्याच्या नावाच्या छपराने त्यांना आत घेतले. बाई बऱ्या होऊन गावी परतल्या व पुढे काही वर्षे सुखाने जगल्या. त्या दांपत्याने मला कधी बोल लावला नाही. मीच मला लावीत आलो आहे.

आता विनंतीकडे येतो. आपल्या मंडळापुढे या वर्षी मंगल कार्यालयाच्या बांधकामाचा विचार आहे. तो चांगला आहे. आपल्या मुलामुलींची लग्ने आपल्या वास्तूत व्हावीत, असे कोणाला वाटणार नाही? माझा त्यास विरोध नाही. परंतु लग्न हा दोन दिवसांचा सोहळा आहे आणि त्यासाठी भाड्याने जागा मिळते. दुखणाईत माणसाला घेऊन पहाटे दादरला उतरलेल्या शेतकऱ्याला जागा मिळत नाही. म्हणून मी असे सुचवितो की, इमारत निधीत जमणाऱ्या प्रत्येक रुपयातील चार आणे बाजूस काढावेत आणि त्यातून मुंबईत, परळ-दादरच्या परिसरात, ते न परवडल्यास मध्य रेल्वेच्या मार्गावर जवळपास, दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात. दुसरे असे की, मुंबई, ठाणे व कल्याण भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची एक यादी करावी. आठवड्यातून एक दिवस रोग्यासोबत रुग्णालयात जाणारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद भरून देणारा, निदान एक डबा पोहोचविणारा असा माणूस प्रत्येक भागात असावा. यास पैसा लागत नाही. निवृत्त माणसांनी हे काम अंगावर घ्यावे. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. महिन्यातले दहा दिवस मी त्या खोलीवर जाऊन राहीन.

तिसरी गोष्ट बोलताना मला थोडा संकोच होतो, तरी बोलतो. त्या खोलीच्या दारात जात विचारली जाऊ नये. बुलढाणा जिल्ह्यातून आलेला रोगी, एवढीच ओळख पुरे. येथे कोणी म्हणेल, "वर्गणी आपली, मग खोली दुसऱ्यांना का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. माझे उत्तर असे की, मला तापात पेज पाजणाऱ्या बाईंनी असा हिशेब केला असता तर आज मी आपणापुढे उभा नसतो. आपण सर्वांनीच पूर्वी असे केलेही आहे. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे रेल्वे थांबली, तेव्हा मलकापूर, नांदुरा, खामगाव या वाटेने महामार्गावरून मुंबई-ठाण्याकडची माणसे डोक्यावर बोचकी व कडेवर लेकरे घेऊन पायी चालत होती. कोणी छत्तीसगडचे होते, कोणी त्याहून पलीकडचे. आपल्यातल्या कित्येकांनी त्यांना पिठले-भाकरी दिली, चिंचेखाली सावलीत बसविले, पायांना तेल लावले. त्या वेळी कोणी कोणाची जात विचारली होती काय? जे रस्त्यावर उन्हात सुचले ते ठरावात लिहिण्यास हरकत नसावी. आपले दार उघडे राहिल्याने आपल्या माणसाची जागा कमी होणार नाही. जास्तीत जास्त त्याला थोडे सरकावे लागेल.

आपल्या तरुणांनाही एक शब्द सांगतो. आता समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर-सिंदखेडराजावरून जातो. २०२५ च्या जूनपासून तो संपूर्ण खुला झाला आहे. माझ्या वेळी एक रात्र लागे, तेथे आज काही तासांत मुंबईच्या वेशीशी पोहोचता येते. अंतर कमी झाले, परंतु मुंबईतली जागा काही वाढली नाही. तेथे गेलात तर शेजाऱ्याचे नाव विचारा, दार लावून बसू नका, आणि गावाकडून कोणी आला तर त्याच्या पेटीकडे पाहण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. आणि जे येथेच राहणार आहात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, आपल्याकडे चौरस किलोमीटरात २६८ माणसे आहेत. आपल्याला जागेची वाण नाही. मंडळाच्या सभेत, गावच्या पाणवठ्यावर, पंगतीत एखादा माणूस अजूनही कडेला उभा असेल, तर तो जागेअभावी उभा नाही.

माझे बोलणे लांबले, याबद्दल क्षमा असावी. मी मांडलेल्या तीन सूचनांचा विचार कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत करावा, एवढी विनंती करतो. मामा आज हयात नाहीत. परंतु त्या दोन खोल्या जेव्हा होतील, तेव्हा त्यांच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी लावण्याआधी एक लहानशी पाटी लावावी आणि तिच्यावर दोनच शब्द लिहावेत, अशी माझी इच्छा आहे : 'जरा सरका.'